लोटन आबांचं सागवान

नीलेशसाठी आलेलं सातवं स्थळ फरशीवरून घसरलं. हे बोलायच्या ओघात म्हटलेलं नाही, खरंच घसरलं. लोटन आबांच्या बैठकीत पाच वर्षांपूर्वी बसवलेली पांढरी फरशी होती. केळीला त्या साली सोन्यासारखा भाव मिळाला होता आणि आबांनी दुकानात जाऊन 'सगळ्यात जास्त चमकणारी' मागून आणली होती. पारोळ्याहून आलेले मुलीचे काका पायात नवे मोजे घालून आत आले, रामराम करायला त्यांनी हात जोडले आणि जोडलेल्या हातांनीच ते बैठकीतून सरळ देवघरापर्यंत गेले. लागलं काही नाही. पण दोन दिवसांनी निरोप आला की काकांचं मन मानत नाही.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आबांचं गाव. पंधरा एकर केळी, ठिबक, दोन विहिरी, आणि एकुलता एक नीलेश. पोरगा शेतीतला पदवीधर, निर्व्यसनी, कामाला वाघ. पण वय तेहतीस. फोनवर सगळं छान चालायचं, समोरचे 'हो का, वा वा' करायचे, आणि मग विचारायचे, "मुलगा करतो काय?" 'शेती' म्हटलं की समोरचा फोन गार पडायचा. गावात तिशी ओलांडलेली अशी अडतीस पोरं होती. मारुतीच्या पारावर कोणीतरी एकदा मोजली होती, आणि मोजणाराही त्यांच्यातलाच होता.

आबांना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. नीलेशचं लग्न. बाकी सगळं त्यांनी देवावर आणि केळीच्या भावावर सोडलं होतं.

"हाई फरशी बदलनी पडी," आबा म्हणाले.

"आबा, सतरंजी टाकू ना," नीलेश म्हणाला.

"सतरंजी टाकीसन लोकेसले काय सांगू? का आमनी फरशी माणसं पाडस?"

आबांच्या डोक्यात जळगावच्या केळी व्यापाऱ्याचं ऑफिस बसलं होतं. तिथं जमिनीला लाकूड होतं. पाय ठेवला की कसं भरदार वाटायचं. आबांनी एकदा तिथं बसून केळीचा भाव करायचा सोडून अर्धा तास जमीनच पाहिली होती आणि त्या दिवशी भाव कमी घेऊन आले होते. चौकशी केल्यावर कळलं की ते लाकूड नव्हेच, लॅमिनेट. आहे त्या फरशीवरच बसतं, फोडाफोडी नाही, एका दिवसाचं काम. आबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मंदाबाईंना विचारलं नाही, पण जळगावला चला म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या घरात यालाच विचारणं म्हणायचे.

दुकानात मोहिनी नावाची मुलगी होती. वय पंचविशीचं, केस घट्ट बांधलेले आणि उत्तर तयार. भिंतीवर चाळीसेक नमुने लावलेले. आबांनी एक पट्टी उचलली, नाकाला लावली आणि लांब श्वास घेतला.

"ह्याले वास नही."

"नसतोच आबा. आत लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो. त्याच्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, आणि वरून काचेसारखा टणक थर."

"फोटो?"

"हो, फोटो."

आबांनी पट्टी खाली ठेवली. एवढे पैसे द्यायचे आणि फोटोवर चालायचं, हे त्यांना जरा जड गेलं. मंदाबाईंना फोटोचं काही नव्हतं, त्यांची काळजी वेगळी होती.

"धुवाले कसं शे?"

"धुवायचं नाही, मावशी. ओल्या फडक्यानं पुसायचं. बादली तर अजिबात ओतायची नाही, फुगतं."

मंदाबाईंनी हातातली पट्टी परत भिंतीला लावली. त्या दर शनिवारी मोटारीचा पाइप लावून अख्खं घर धुवायच्या आणि त्यांना आठवड्यात तेवढंच एक सुख होतं. पुढचा बराच वेळ त्या नमुन्यांकडे अशा पाहत होत्या की जणू सवत निवडायला आणलंय.

आबांनी पहिल्यांदा निवडली ती लालभडक, आरशासारखी चमकणारी पट्टी. मोहिनीनं मान हलवली.

"ही नको. लांबूनच खोटी दिसते. आबा, तुमच्या घरी खरं लाकूड आहे ना? पलंग, दरवाजा? ते असं चमकतं का? त्याला रोज कोण तूप चोळतंय?"

बोलणं पटण्यासारखं होतं. मग मोहिनीनं शिकवायला सुरुवात केली आणि आबा शिकत गेले. चमक नसलेली पट्टी घ्यायची. डोळे मिटून वरून बोट फिरवायचं, फोटोत जिथं रेष आहे तिथंच बोटालाही खाच लागली पाहिजे. सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या नकोत, एखादी फिकी, एखादी गडद. दोन पट्ट्यांच्या मधे बारीक दरी दिसली पाहिजे. आणि खिडकीतून येणारा उजेड पट्टीच्या लांबीनं पळाला पाहिजे, आडवा नव्हे.

दीड तासात आबा असे तयार झाले की मोहिनीलाच घाम फुटला. ते दुकानाच्या मधोमध गुडघ्यांवर बसले, गाल जमिनीला लावला, एक डोळा मिटला. टिचकी मारून कान लावला. नखानं खरवडलं. सोबत आलेल्या नीलेशनं एका पट्टीच्या मागचं 'ओक' असं नाव वाचून दाखवलं.

"ओक म्हंजे?"

"परदेशातलं झाड शे, आबा."

"मंग ते त्यासना घरमा लावा. सातपुडाना पायथाले ऱ्हातस आपन. सागवान दाखाडा."

सागवानाचे अकरा प्रकार निघाले. तोवर मंदाबाई जमिनीवर अंथरून दाखवलेल्या त्या परदेशी ओकच्या नमुन्यावरच आडव्या होऊन झोपल्या होत्या. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी त्यांना वळसा घालून माल पाहिला.

"आसं दाखाड बेटा," आबा शेवटी म्हणाले, "का लाकूडलेबी समजाले नको."

मोहिनी आत गेली आणि एक खोकं घेऊन आली. मधासारखा तांबूस रंग, मधूनच काळसर रेघ, हाताला जरा खरखरीत. आबांनी बोट फिरवलं आणि बोट काढेचनात. घेतलं.

दोन कारागीर आले, खाली निळसर फोम अंथरला, पट्टीत पट्टी अडकवत गेले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत काम उरकून गेलेसुद्धा. बैठक ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे सुकलाल भाऊ दूध मागायला आले आणि उंबऱ्यावरच थांबले. मग वाकून त्यांनी दोन्ही हात जमिनीला लावले, थोरामोठ्यांच्या पायाला लावतात तसे.

"आबा! सागवान?"

आबांना 'नाही' म्हणायचं होतं. मी आबांच्या बाजूनं बोलतोय असं नाही, पण त्यांना खरोखर म्हणायचं होतं. पण माणूस तुमच्या जमिनीच्या पाया पडतो आणि तुम्ही त्याला सांगणार की तो फोटोच्या पाया पडला? आबांच्या तोंडून "हां" निघून गेलं.

एकदा निघालेलं 'हां' परत तोंडात घेता येत नाही. तीन दिवसांत अर्धं गाव जमीन बघून गेलं. पहिल्या दिवशी आबा नुसते 'हां' म्हणत होते. दुसऱ्या दिवशी 'आपला सातपुडाना माल' म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी झाड कसं होतं तेही सांगू लागले, आणि सांगताना त्यांना ते झाड डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं.

"आबा, हाई बरं नही," नीलेश म्हणाला. "सांगी टाका ना खरं. लॅमिनेट काय वाईट शे?"

"लगीन जमू दे तुनं. मंग सांगसू."

"आनि कोनी इचारं तर?"

"कोन इचारी?" आबा म्हणाले. गावात विचारण्याइतकं लाकडातलं कळणारा माणूस उरला नव्हता, हे त्यांचं गणित बरोबर होतं. फक्त गावापुरतं बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी वनाभाऊंनी आठवं स्थळ आणलं. वनाभाऊ आबांचे चुलतभाऊ. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं जमवलेला माणूस आणि उरलेल्या निम्म्यांत जेवून आलेला. मुलगी धुळ्याची, भूमिका नाव, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. शेतकरी चालेल म्हणते. "माणूस सरळ पाहिजे" एवढीच अट.

"बाप काय करस?" आबांनी विचारलं.

"सरकारी नोकरीमा व्हता. रिटायर."

"कोणतं खातं?"

"सरकारी खातं!" वनाभाऊ म्हणाले. सरकारी म्हटल्यावर आणखी काय विचारायचं असतं, हे त्यांना कळेना. उलट त्यांनी स्वतःच्या अकलेनं फोनवर तिकडं सांगून ठेवलं होतं की पोराचं बठ्ठं, अख्खं घर खाली सागवानी शे, पाय ठेवशात ते उचलाव वाटाव नही.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. मुलीच्या आईचे गुडघे दुखतात म्हणून त्या आल्या नव्हत्या. मुलीचे वडील रोहिदास भाऊ, मामा पुना आणि स्वतः भूमिका, असे तिघं. रोहिदास भाऊ उंच, ताठ, मिशी कातरलेली. ते उंबऱ्यावर थांबले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही, मोठ्या टीव्हीकडे पाहिलं नाही. खाली पाहिलं. मग ते उकिडवे बसले, बोटानं एक रेघ लांबवर चाचपत नेली आणि उठले.

"सागवान," ते शुद्ध ऑफिसच्या मराठीत म्हणाले. "सातपुड्याचं. चाळीसेक वर्षांचं झाड. उतारावर वाढलेलं."

आबांची छाती फुगली. त्यांनी इतके दिवस जे झाड डोळ्यांसमोर उभं केलं होतं, ते अगदी उतारावरच होतं.

"वा भाऊ! लाकूडनी भारी पारख शे तुमले!"

"असणारच. तेहतीस वर्षं वनखात्यात काढली. वनपाल म्हणून निवृत्त झालो."

आबांनी वनाभाऊंकडे पाहिलं. वनाभाऊंनी पंख्याकडे पाहिलं.

पोहे आले. रोहिदास भाऊंनी ताटली घेतली आणि तशीच समोर ठेवून दिली. आबांनीही आपली ताटली खाली ठेवली.

"आबा, परवाना कुठे आहे?"

"कसाना?"

"लाकडाचा. एवढं सागवान जंगलातून इथवर आलं, तर वाहतुकीचा परवाना असेल. लाकडावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का असेल. दाखवा, म्हणजे विषय संपला." ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका. पण चोरीच्या लाकडावर माझी पोरगी चालणार नाही. नोकरीत मी कोणाला सोडलं नाही. सख्ख्या मेहुण्याची बैलगाडी पकडली होती."

"दोन दांड्या व्हत्यात," पुना मामा पोहे खाता खाता म्हणाले. "त्याबी गाडीन्याच."

"शिक्का नव्हता."

"गाडीले कोन शिक्का मारस, दाजी?"

हा वाद बावीस वर्षं जुना असावा असं दोघांच्या तोंडावरून दिसत होतं. भूमिका मधे पडली. "नाना, आधी त्यांना बोलू तर द्या."

बोलायचं काय?  सागवान आहे म्हणावं, तर चोर. सागवान नाही म्हणावं, तर खोटारडा. चोराच्या घरी कोणी पोरगी देत नाही, आणि खोटारड्याच्या घरी तरी कशाला देईल? मुलीची अट काय होती, तर माणूस सरळ पाहिजे. आबांना वाटलं, त्या पांढऱ्या फरशीवरून आपणच एकदा घसरून पडलो असतो तर बरं झालं असतं.

एवढ्यात वनाभाऊंना बुद्धी सुचली. ती त्यांना वर्षातून एकदा सुचायची आणि नेमकी नको तेव्हाच सुचायची.

"अहो भाऊ, नवं लाकूड कोठे शे हाई! जुनं शे! आजाना घरन्या तुळया व्हत्यात, त्या चिरीसन फळ्या कयात!"

रोहिदास भाऊंचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनाही हे स्थळ हवंच होतं, हे आबांना त्या क्षणी कळलं. तेही तिशीकडे चाललेल्या पोरीचे बाप होते.

"असं म्हणा की! घरच्या जुन्या तुळया असतील तर बोलणंच संपलं. मला वाटलंच, रंग एवढा मुरलेला कसा. काय आबा, असंच ना?"

सगळे आबांकडे बघायला लागले. मान हलवायची होती, बास. वनाभाऊ तर पायानं आबांचा पाय दाबत होते. आबांनी नीलेशकडे पाहिलं. नीलेश खाली बघत बसला होता, कान लालबुंद. तो काही बोलणार नव्हता. बापाला चारचौघांत खोटं पाडणारा तो मुलगा नव्हे. तो गप्प राहील, लग्न करील, आणि मग बायको ज्या ज्या वेळी 'तुमच्या आजोबांच्या तुळया' म्हणेल त्या त्या वेळी असेच कान लाल करून खाली बघेल. जन्मभर. आबांना ते सहन होईना.

"नही," आबा म्हणाले.

"काय नाही?"

"तुळया बिळया काही नहीत. चोरीनंबी नही. हाऊ फोटो शे, भाऊ."

"कशाचा फोटो?"

"सागवानना. खालथीन भुसा शे, वर फोटो चिटकाडेल शे. लॅमिनेट म्हनतस. मी गावमा सागवान सांगं, ते खोटं सांगं. मनी चुकी शे. पोऱ्यानी काही चुकी नही, तो पहिला दिनथून सांगी ऱ्हायंता का खरं बोला."

 वनाभाऊंनी डोळे मिटून घेतले. मग रोहिदास भाऊ हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"आबा, तेहतीस वर्षांत चोरांनी मला सगळं सांगून पाहिलं. जळण आहे. निंब आहे. मयताला नेतोय. पण 'फोटो आहे' असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

"भाऊ, देवनी आन."

"देवाला कशाला मधे आणता? मी स्वतः हात लावून पाहिलंय."

नीलेशनं मोबाइलवर बिल काढून दाखवलं. रोहिदास भाऊंनी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "बिलं चोरांकडेच सगळ्यात नीट असतात."

आता आली का पंचाईत! महिनाभरापूर्वी आबा दुकानात गाल घासून विचारत होते की खरं वाटेल ना, खरं वाटेल ना. आता खोटं आहे हे पटवता पटवता त्यांच्या तोंडाला फेस यायची वेळ आली. मंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांना राहवेना.

"अहो, खरं लाकूड ऱ्हातं ते मी धोयं नसतं का? महिना व्हयना, एक तांब्या पानी टाकाले भेटं नही माले!"

त्यांच्या दृष्टीनं हा शेवटचा पुरावा होता. पण वनखात्यात तो चालत नसावा. शेवटी नीलेश उठला, आतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि उंबऱ्याजवळची पितळी पट्टी उचकटायला बसला. तीन स्क्रू काढले, पट्टी बाजूला केली, कडेची फळी हातानं तिरपी करून उचलली. ती आवाज न करता सुटली. खाली निळा फोम. फोम बाजूला केला, तर खालून ती पांढरी फरशी लखकन चमकली.

नीलेशनं फळी उलटी करून रोहिदास भाऊंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. कडेनं पाहिलं. खिशातून गाडीची किल्ली काढून खरवडलं, भुसा बोटांत चुरगाळला, नाकाला लावला. पुन्हा सुलट करून वरचं सागवान पाहिलं, पुन्हा उलटं केलं. एक म्हातारा माणूस आपल्या तेहतीस वर्षांची दोन्ही बाजूंनी तपासणी करत होता आणि त्याला ती लपवायला जागा नव्हती.

"उतारवर वाढेल झाड," पुना मामा हळूच म्हणाले.

मग त्यांना हसू आवरेना. "चाळीस वरीसनं! उतारवरनं!" ते सोफ्यावर आडवे झाले, डोळे पुसायला लागले. बावीस वर्षांच्या बैलगाडीचा हिशेब एका दिवसात चुकता झाला होता. वनाभाऊही हसले. भूमिकानं ओढणी तोंडाला लावली, पण तिचे खांदे हलत होते. हसले नाहीत ते दोघंच, आबा आणि रोहिदास भाऊ.

रोहिदास भाऊंनी फळी अलगद खाली ठेवली, चष्मा काढून खिशात घातला आणि उभे राहिले. "निघतो आम्ही. कळवतो."

कळवतो! सातही जण हेच म्हणून गेले होते. आबा हात जोडून उभे राहिले. चोर नाही हे सिद्ध झालं, खोटारडा आहे हे स्वतः सांगितलं, आणि वरून पाहुण्याचं त्याच्या मुलीसमोर हसं करून ठेवलं. एका सकाळी माणूस यापेक्षा जास्त काय बिघडवू शकतो?

वडील गाडीकडे गेले तरी भूमिका उंबऱ्याजवळच थांबली होती. नीलेश गुडघ्यांवर बसून फळी परत बसवत होता आणि ती नीट बसेना.

"त्या टोकाला धरू का?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसून धरलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग आज का नाही बोललात?"

"हिंमत झाली नाही," नीलेश म्हणाला. "आबांची झाली."

फळी कट्कन बसली. भूमिका उठली, आबांना वाकून नमस्कार केला आणि गेली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण त्यांच्या मनात आलं की ही पोरगी आता दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जाणार, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. आधीची सात स्थळं गेली तेव्हा त्यांना नीलेशसाठी वाईट वाटलं होतं. ही जाताना त्यांना स्वतःसाठी वाटलं.

दुसऱ्या दिवशी आबा पारावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आयका रे, मना घरमा सागवान नही. फोटो शे. मी खोटं बोलनू." त्यांना वाटलं होतं लोक हसतील. लोकांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले.

"बरोबर शे आबा," सुकलाल भाऊ म्हणाले. "वनखाताना माणूस ई गया ना तुमना घर. आते फोटोच म्हना."

आबांनी शपथा घेतल्या. चार जणांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काळजी करू नका, आमच्या तोंडून एक शब्द बाहेर जाणार नाही. आबा डोकं धरून घरी आले. पाव्हण्याचं मत त्यांनी पारावर सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांचं झाड आणि उतार, यातलं अक्षरही नाही. वनाभाऊंनाही तंबी दिली होती. आपली लाज आपली, दुसऱ्याची कशाला वाटायची?

गुरुवारी आबा आणि नीलेश केळीच्या कापणीवर होते. घड उतरत होते, ट्रॅक्टर भरत होता. आबांचा फोन वाजला.

"लोटन आबा, मी रोहिदास. धुळ्याहून."

आबा बांधावर बसले. नकार द्यायला लोक वनाभाऊंना फोन करतात. स्वतः फोन केला, म्हणजे आता चार शब्द ऐकवणार. ऐकून घ्यायचे, असं आबांनी ठरवलं.

"बोला भाऊ."

"गावात सांगितलंत?"

"हां. सांगं. कोनी मानत नही."

"माझं सांगितलंत? मी जे म्हणालो ते?"

"नही भाऊ. तुमनं काबरं सांगू? मनं मी सांगं."

  मग रोहिदास भाऊ बोलायला लागले, आणि त्यांची ऑफिसची मराठी कुठे गेली कोणास ठाऊक.

"सांगा, आबा. बठ्ठास्ले, अख्ख्या गावले सांगा. मी आठे सांगी टाकं. पुना सांगाना आगोदर मीच सांगं, का तेहतीस वरीसना वनपाल फोटोले फसना." ते थांबले. "तीन दिन पोर मनासंगे बोलनी नही. काल बोलनी. म्हने, 'नाना, त्या आबासले लगीन मोडाई जाई हाई माहीत व्हतं, तरी तोंडवर खरं सांगं. आनि तुम्ही हासू व्हयनं म्हनीन कळवतो सांगीसन पळी उनात. आते तुम्हीच सांगा, कोनता घरमा मी सुखी ऱ्हासू?'"

आबांनी हातातला कोयता बाजूला ठेवला.

"मी हां म्हनी दिधं, आबा. पोरले पसंत शे. तारीख काढा."

आबांना बोलायचं होतं.  ते नुसती मान हलवत राहिले, जोरजोरात, फोनवरून मान दिसत नाही हे विसरून.

"आबा? आयकी ऱ्हायनात ना?"

आबा उठले, केळीच्या दोन ओळी ओलांडून गेले आणि चिकानं माखलेल्या नीलेशच्या हातात तो फोन देऊन टाकला.

"धर," ते कसेबसे म्हणाले. "तुना सासरा शे. बोल."